छातीतली कळ आणि वाया जाणारे सहा तास



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, फवारणी आणि पाऊसपाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण शेतापासून लांबचा नाही. कपाशीवर बोंडअळी आली तर एक हंगाम जातो. घरचा कर्ता माणूस छातीत कळ येऊन गेला तर घरच बसते. सात-बारावर वारसांची नावे चढतात, कर्ज मात्र जागचे हलत नाही. म्हणून हृदयविकार हा जितका डॉक्टरांचा विषय आहे, तितकाच तो गावाचाही आहे. मी कृषी खात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण संशोधन बांधापर्यंत पोचवणे हेच आम्हा विस्तारवाल्यांचे काम, आणि या रोगाचे संशोधन बांधापर्यंत पोचलेले नाही.

"हार्टचा आजार म्हणजे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा, म्हाताऱ्यांचा" असे आपल्याकडे अजून बोलले जाते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ या पाच देशांची माहिती वेगळी काढून २००७ मध्ये एक लेख आला. त्याचे पहिले लेखक आपल्या विदर्भातलेच, नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. त्यात काय दिसले? इतर देशांत पहिला झटका साधारण ५९ व्या वर्षी येतो, तर आपल्याकडे ५३ व्या वर्षी. म्हणजे सहा वर्षे आधी. ५३ हे काही म्हातारपण नव्हे. मुलीचे लग्न व्हायचे असते, मुलाचे शिक्षण चालू असते, विहिरीचे हप्ते फिटायचे असतात.

आत नेमके काय होते?

ठिबक वापरणाऱ्यांना हे लवकर समजेल. हृदय हा एक पंप आहे. तो साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते आणणाऱ्या नळ्या बारीक असतात. ठिबकची नळी चोंदली की पुढची झाडे सुकतात, तसेच येथे होते. नळी अरुंद झाली की चढ चढताना, ओझे उचलताना छाती आवळते आणि थांबले की बरे वाटते. नळी पूर्ण बंद झाली तर पुढचा स्नायू मरू लागतो. यालाच आपण झटका म्हणतो.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. ठिबकच्या नळीत क्षार हळूहळू साठतो. येथे चरबीचा थर नळीच्या भिंतीच्या आत, गळवासारखा तयार होतो. कधी तो अचानक फुटतो आणि त्या जागी काही मिनिटांत रक्ताची गाठ धरते. म्हणूनच काल दिवसभर डवरणी केलेल्या धडधाकट माणसाला आज पहाटे झटका येऊ शकतो. "कालपर्यंत तर काही नव्हतं" हे खरेच असते, पण त्यावर विसंबून चालत नाही.

सहा तास कुठे जातात?

मेलेला स्नायू परत उगवत नाही. पेरणीची वाफ गेली की मग कितीही भारी बियाणे टाका, काय उपयोग? येथेही पहिले तासच महत्त्वाचे. आपल्या देशातील ५० शहरांच्या ८९ रुग्णालयांत 'क्रिएट' नावाचा अभ्यास झाला. २०,४६८ रुग्णांची नोंद घेतली गेली आणि २००८ साली निष्कर्ष छापून आले. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला रुग्णाला लागलेला मधला वेळ होता ३६० मिनिटे. पूर्ण सहा तास! दवाखान्यात पोचल्यावर गाठ विरघळवणारे औषध सुरू व्हायला लागली ५० मिनिटे. आता सांगा, जास्त वेळ कुठे गेला? घरी आणि रस्त्यावर.

तो कसा जातो हे आपल्याला ठाऊक आहे. आधी "गॅस झाला" म्हणून सोडा घेतला जातो. मग "उसण भरली" म्हणून छाती चोळली जाते. मग सकाळ व्हायची वाट. मग पुण्याच्या मुलाला फोन. मग गाडीची शोधाशोध. तालुक्याला पोचेस्तोवर दुपार होते. घाटावरच्या लोणार-सिंदखेडराजाकडील वाडी असो की घाटाखाली सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद-संग्रामपूरकडील गाव, गोष्ट तीच.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट प्रत्येक सरपंचाने वाचावी अशी आहे. महिनाभरात श्रीमंत रुग्णांपैकी शेकडा ५.५ दगावले, गरिबांपैकी शेकडा ८.२. मात्र मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचे हृदय कमजोर नव्हते. त्याला उपचार कमी मिळाले.

झटक्याच्या खुणा

सोयाबीनचे पान पिवळे पडले की आपण लगेच औषध मारत नाही. लोह कमी आहे, पाणी साचले आहे की पिवळा मोझॅक आहे, हे आधी पाहतो. छातीतल्या कळीचेही तसेच आहे. गॅस की झटका, हे घरी बसून ओळखता येत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत.

पहिली म्हणजे ईसीजी, ज्याला लोक कार्डिओग्राम म्हणतात. काही मिनिटांत पट्टी निघते आणि मोठा झटका असेल तर बहुधा तिच्यावरच दिसतो. पण एका पट्टीत काही दिसले नाही, म्हणजे सुटलो असे नव्हे. दुसरी म्हणजे रक्तातील 'ट्रोपोनिन'. हृदयाच्या स्नायूत असणारे हे प्रथिन स्नायू दुखावला की रक्तात उतरते. मात्र ते वाढायला साधारण तीन-चार तास लागू शकतात. फार लवकर काढलेला रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर थांबवून घेतात आणि पुन्हा तपासतात, ते याचसाठी. त्यांच्याशी वाद घालून घरी निघू नका. उलट ईसीजीवर मोठा झटका स्पष्ट दिसत असेल, तर डॉक्टर ट्रोपोनिनची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

खूण आणि कारण यांत गल्लत होऊ नये. रक्तात 'होमोसिस्टीन' नावाचा घटक जास्त असणाऱ्यांत हृदयविकार अधिक दिसतो, म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तो कमी करून पाहिला. २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. घटक कमी झाला, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. पान हिरवे झाले, पण मुळाची सड तशीच राहिली, असा हा प्रकार. तेव्हा नुसत्या तपासणीच्या पॅकेजला आणि महागड्या टॉनिकला भुलू नका.

गाठ फोडणारी औषधे

घसा बिघडवणाऱ्या जंतूंच्या जातीतच रक्ताची गाठ विरघळवणारा पदार्थ सापडला. अमेरिकेतील विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये त्याचा शोध लावला. तेच 'स्ट्रेप्टोकायनेज'. १९८८ साली 'आयसिस-२' या चाचणीत १७,१८७ रुग्णांवर ते आणि साधी ॲस्पिरिन तपासली गेली. दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत शंभरी १३ दगावले, दोन्ही मिळालेल्यांत ८. शंभरात पाच जीव वाचले, आणि जितक्या लवकर औषध मिळाले तितका फायदा मोठा. आता 'टेनेक्टेप्लेज' हे एकाच वेळी टोचता येणारे इंजेक्शनही मिळते. ही औषधे पहिल्या तीन तासांत सर्वांत चांगले काम करतात, १२ तासांपर्यंत काही उपयोग होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

मोठ्या शहरात तातडीची अँजिओप्लास्टी सर्वांत चांगली. पण आपल्या खेड्यातून अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत वेळ हातची निघून जाते. यावर तामिळनाडूने वाट काढली. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या रुग्णालयाला पाठवायचा, गाठ फोडणारे औषध तिथेच द्यायचे आणि मग रुग्ण मोठ्या ठिकाणी हलवायचा. २०१७ साली या प्रयोगाचे निकाल प्रसिद्ध झाले. वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले. बोध साधा आहे. "एकदम मोठ्या दवाखान्यातच नेऊ" म्हणून वाटेतला ईसीजी टाळू नका.

बुरशी आणि कळलावी

पुढचा झटका टाळण्यासाठी 'स्टॅटिन' ही गोळी देतात. तिचे मूळ बुरशीत आहे. जपानचे अकिरा एंडो शेतकरी कुटुंबातले. त्यांनी सहा हजारांवर बुरशी तपासल्या आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीत कोलेस्टेरॉल कमी करणारा पदार्थ शोधला. या गोळीने आज जगभर असंख्य झटके टळतात. हंगामाच्या धांदलीत ती परस्पर बंद करू नका.

आपल्या रानात दिसणाऱ्या कळलावीतही 'कोल्चिसिन' नावाचा घटक असतो. त्याची अगदी अल्प मात्रा रोज दिल्यास पुढचे झटके कमी होतात, असे २०१९ व २०२० मधील मोठ्या चाचण्यांत दिसले. अमेरिकेने २०२३ मध्ये त्याला मान्यताही दिली. परंतु २०२४ साली झटका आलेल्या रुग्णांवरच्या आणखी एका मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. एक गोष्ट मात्र पक्की: कळलावीचा कंद हे जीवघेणे विष आहे. औषध म्हणून तो कदापि खाऊ नये.

गावाने काय करावे?

१) लक्षणे ओळखा. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणे. बाया-माणसांत आणि मधुमेह असलेल्यांत कधी कळ नसतेच, नुसता दम, मळमळ आणि थकवा असतो.

२) पंधरा-वीस मिनिटे वाट पाहून बघू, असे म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने निघा. रुग्णाला चालायला लावू नका, मोटारसायकल चालवू देऊ नका.

३) ॲस्पिरिनची गोळी चावून खावी का, हे १०८ वर किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोनवर विचारा. पोटात अल्सर, रक्तस्राव किंवा ॲलर्जी असेल तर ती घातक ठरते.

४) माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वासही नीट घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

५) फवारणी करताना घाम, उलटी, चक्कर आली तर विषबाधा की झटका हे आपण ठरवू नये. औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

६) खर्रा, गुटखा, बिडी सोडा. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक, हे इंटरहार्टमध्येच दिसले आहे. आपल्याकडे रोज भाजी व फळे खाणारेही कमीच आढळले. भाजीपाला पिकवून सगळाच बाजारात धाडू नका, घरच्या ताटातही वाढा.

७) वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

८) महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. शिधापत्रिका आणि आधारकार्ड एका पिशवीत तयार ठेवा. पण कागद सापडत नाही म्हणून रुग्ण थांबवून ठेवू नका. कागद मागून नेता येतात.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि आशाताई यांना एक विनंती. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री-अपरात्री ईसीजी निघतो आणि गाठ विरघळवणारे इंजेक्शन कुठे मिळते, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून घ्या. ते नाव, तिथला फोन, १०८ आणि रात्री निघू शकणाऱ्या दोन गाडीवाल्यांचे नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहा. मंदिराजवळ, पारावर आणि रेशन दुकानातही लावा. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. एक खडू आणि अर्धा तास पुरे.

सहा तासांचे दोन तास करणे कोणत्याही नव्या औषधाच्या हाती नाही, ते गावाच्या हाती आहे. पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो, तशी या फळ्याची तयारी या आठवड्यातच करावी, ही विनंती.