पैज गमतीची, हिशेब चोख

नाशिककरांना ‘गोल्फ क्लब’ म्हटले की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आठवते. तेथे आता क्रिकेटचे सामने रंगतात, सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. गोल्फ मात्र केवळ नावात उरले आहे. या खेळाकडे सर्वसामान्यांचे लक्ष पुन्हा वळले ते टोकियो ऑलिम्पिकमुळे. २०२१ मध्ये तेथे अदिती अशोकचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. त्यानंतर ‘आपणही हातात स्टिक धरून पाहावी’ असे काही जणींना वाटले असेल, तर नवल नाही.

अशा हौशी महिलांची स्पर्धा भरवताना आयोजकांपुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो. एखादी दहा वर्षे खेळत असते, तर दुसरीने दोन महिन्यांपूर्वी सुरुवात केलेली असते. सर्वांत कमी फटके घेणारी विजयी, एवढाच नियम ठेवला, तर निकाल सकाळच्या चहालाच ठाऊक असतो. खेळाडूच्या कुवतीनुसार फटक्यांची सवलत देणारी ‘हँडिकॅप’ पद्धत आहे. पण नवशिक्या खेळाडूचा हँडिकॅप बहुधा ठरलेलाच नसतो. येथेच गमतीचे जोडखेळ उपयोगी पडतात.

त्यांपैकी ‘बिंगो बँगो बाँगो’ हा सर्वांत समतोल. प्रत्येक होलला तीन गुण असतात. ज्या खेळाडूचा चेंडू होलभोवतीच्या तासलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, प्रथम पोहोचेल तिला एक. सर्वांचे चेंडू ग्रीनवर आल्यावर जिचा चेंडू होलच्या सर्वांत जवळ असेल तिला दुसरा. आणि चेंडू प्रथम होलमध्ये घालणारीला तिसरा. गोल्फमध्ये होलपासून सर्वांत दूर असलेला खेळाडू आधी खेळतो. त्यामुळे मागे पडलेल्या खेळाडूलाच ग्रीन गाठण्याची पहिली संधी मिळते. हा क्रम काटेकोरपणे पाळावा, नाही तर खेळातील न्यायच नाहीसा होतो.

दुसरा खेळ दोरीचा. प्रत्येकीला ठरावीक लांबीची दोरी द्यावी. नवख्या खेळाडूला थोडी अधिक. चेंडू झुडपात वा वाळूत अडकला, तर तो दोरीने मोजून दंडाविना सरकवता येतो. मात्र जेवढे अंतर सरकवला तेवढी दोरी कापून टाकायची. दोरी केव्हा खर्चावी आणि केव्हा राखून ठेवावी, यातच कसोटी असते. तिसरा खेळ सापाचा. ग्रीनवर पोहोचल्यावर जिला तीन फटके लागतील तिच्या गळ्यात रबरी साप पडतो आणि पुढची तशीच चूक करणारी भेटेपर्यंत तो तिच्याकडेच राहतो. शेवटी ज्या खेळाडूकडे साप उरेल, तिने सर्वांना मिसळ खिलवावी. नाशिकमध्ये याहून गोड शिक्षा कोणती?

पैज एवढ्यावरच थांबावी, हे उत्तम. गोल्फ हा कौशल्याचा खेळ असल्याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात केला आहे आणि राज्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. तथापि खेळणे वेगळे आणि दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावणे वेगळे. मोबाइल अ‍ॅपवरून पैशांचे खेळ चालवण्याची वाट तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच केली आहे.

सोडतीबाबत अधिक सावध राहावे लागते. हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या, भिशी, हौजी यांची सवय असल्यामुळे तिकिटे विकून बक्षीस काढण्यात काही वावगे आहे, असे कोणाला वाटत नाही. परंतु पैसे, नशीब आणि बक्षीस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कायद्याच्या दृष्टीने ती लॉटरी ठरते. महाराष्ट्रात १९६९ पासून राज्य सरकारची लॉटरी आहे. मात्र सरकारी वा शासनमान्य नसलेल्या लॉटरीची सोडत काढण्यासाठी जागा चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार गुन्हा आहे. हेतू धर्मादाय असला, तरी एवढ्याने सूट मिळत नाही.

यावर सोपा मार्ग आहे. तिकीट विकूच नये. प्रत्येक सहभागी महिलेला आणि मदतनीस कॅडींनाही एकेक क्रमांक विनामूल्य द्यावा. बक्षिसे प्रायोजकांकडून मिळवावीत. येवल्याची पैठणी ठेवली तर शेवटपर्यंत कोणी जागचे हलणार नाही! ज्यांना मदतनिधी द्यावयाचा आहे, त्यांच्याकडून तो वेगळा घ्यावा, त्याची पावती द्यावी आणि दान देणारीला जादा क्रमांक देऊ नये. रिकामी पेटी सर्वांना दाखवून मगच चिठ्ठ्या टाकाव्यात. आयोजकांनी स्वतःची नावे सोडतीबाहेर ठेवावीत आणि निधीचा हिशेब त्याच दिवशी वाचून दाखवावा.

चषक बहुधा मुरलेल्या खेळाडूकडेच जाणार. पण दोन महिन्यांपूर्वी स्टिक हाती धरलेली एखादी गृहिणी ‘बिंगो’चे दोन गुण मिळवून हसत घरी गेली आणि पुढच्या वर्षी मैत्रिणीला घेऊन आली, तर स्पर्धा सार्थकी लागली असे समजावे.