जुन्या मोटारीची नोंद



हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्या कामगाराचा हात यंत्रात सापडला तर 'हा आमचा माणूसच नव्हे' असे म्हणणे मालकाला सोपे जाते. कामगार चळवळीत वावरणाऱ्यास नोंदीचे महत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. परदेशातून आणलेली जुनी मोटार हा वरवर पाहता धनवंतांच्या हौसेचा विषय. परंतु ती ज्या रस्त्यावरून धावणार तो रस्ता तुम्हाआम्हा सर्वांचा आहे. म्हणून तिच्या नोंदीचा विचार आपणही केला पाहिजे.

मोटार विकत घेणे आणि ती रस्त्यावर आणण्याचा अधिकार मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या मोटारींनाच जुनी वस्तू म्हणून आयातीची मोकळीक होती. २०२५ साली पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ती वाट खुली झाली. बंदरात सीमाशुल्क भरले की 'बिल ऑफ एंट्री' हा कागद हाती येतो. तो जिवापाड जपावा, कारण त्यावाचून नोंदणीचा अर्ज पुढे सरकत नाही.

अशा मोटारींसाठी २०२१ साली केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटार त्यांत बसते. अर्जासोबत विमा, आयातीचा कागद आणि वीस हजार रुपये फी द्यावी लागते. राज्यात नेमलेली समिती तपासणी करते. नोंदणी दहा वर्षे टिकते. पुढे पाच हजार रुपये भरून ती पुन्हा करावी लागते. आपल्या बुलढाण्याच्या इतर गाड्यांवर एमएच २८ असते; या मोटारीवर मात्र एमएच, मग व्हीए, नंतर दोन अक्षरे व चार आकडे येतात. प्रदर्शन, शर्यतवजा मिरवणूक, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. रोजच्या वापरास वा भाड्याने फिरविण्यास मनाई आहे. सुकाणू डाव्या बाजूस असेल तर १९८८ च्या कायद्याप्रमाणे इशारा देण्याचे ठरलेले साधन चालू स्थितीत हवे.

आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता. त्या काळी नोंदलेली मोटार एखाद्या वाड्यात उभी असेल, तर नव्या नियमांतही तिचा जुना क्रमांक तिच्याकडे राहू शकतो. म्हणून जुनी कागदपत्रे रद्दीत घालू नयेत.

येथे एक अडचण मला बोचते. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडच्या मिस्त्रींनी कित्येक अमेरिकन मोटारींत डिझेल एंजिन बसविले आणि त्या वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावत्या ठेवल्या. ते कसब सामान्य नव्हते. परंतु चॅसी, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झाला की या नियमाचे दार बंद होते. ज्या हातांनी मोटार जगविली, त्यांच्याच कामाने ती अपात्र ठरते! तेव्हा मूळ एंजिन भंगारात विकण्यापूर्वी मालकाने मिस्त्रीचा सल्ला घ्यावा, आणि त्या सल्ल्याचे मोल रोख द्यावे.

आता मुख्य मुद्दा. वाहन माणसास ठोकरून पळाले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर मृताच्या वारसांना २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे दोन लाख रुपये मिळतात. वाहन, मालक व विमा सापडला तर न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरविते. कमावत्या माणसाच्या घरी या दोन रकमांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

तात्पर्य, क्रमांकाची पाटी ही मालकाची शोभा नव्हे, ती रस्त्याने पायी जाणाऱ्याची जामीन आहे. मोटार कितीही जुनी आणि देखणी असो, ती पाटी लागल्यावाचून तिने फाटकाबाहेर पडू नये.