मालवण किनाऱ्यावरील दुनळी बंदुकांचा वारसा

दक्षिण कोकणातील घरांत बंदूक दोन निराळ्या वाटांनी आली. भाताची खाचरे व काजूच्या बागा रानडुकरांपासून राखण्यासाठी शेतकऱ्याने ठासणीची बंदूक बाळगली. काडतुसाची विलायती दुनळी बंदूक महाग असल्याने मुख्यतः सधन खोत, जमीनदार व सावंतवाडी संस्थानातील मानकरी ह्यांच्या घरी आली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. बंदुका मात्र घरोघर राहिल्या.

ह्या बंदुकांचे मोल त्यांच्या घडणीत आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअरच्या नळीचा व्यास होय. दोन नळ्यांपैकी एकीचे तोंड बहुधा अधिक आवळलेले असते. त्यामुळे तिचे छर्रे दूरवर एकवटून जातात, तर दुसरी जवळच्या सावजास उपयोगी पडते. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स ह्या पेढीतील अँसन व डीली ह्यांनी घोडे आत झाकलेली सुटसुटीत रचना काढली आणि तीच पुढे जगभर रूढ झाली.

पहिल्या पिढीस दुनळी हे शिकारीचे साधन आणि प्रतिष्ठेचे चिन्ह होते. दुसऱ्या पिढीच्या काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला व १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपुष्टात आली. शौक गेला, पीक-संरक्षणाचे कारण तेवढे उरले. १९८० नंतरच्या दशकात परदेशी बंदुकांची आयातही जवळजवळ थांबल्याने जुन्या विलायती बंदुकांना दुर्मिळतेचे मोल चढले. जिज्ञासू संग्राहक निर्माण होण्यास हा काळ अनुकूल वाटावा. पण कायद्याची दिशा उलट होती. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घातली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. वारशाने येणारी बंदूकही ह्या मर्यादेत मोजली जाते. ज्या वस्तूचे दोनच नमुने बाळगता येतात, तिच्या छंदास संग्रह म्हणणे कठीणच.

तिसऱ्या पिढीची उदासीनता केवळ अभिरुचीच्या बदलाने उलगडत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा त्याने सत्तर वर्षे वय गाठल्यावर किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगल्यावर, वारसास परवाना मागता येतो. परंतु मुंबई-पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाला नूतनीकरण, निवडणूककाळी शस्त्र जमा करणे, आणि खाऱ्या हवेत नळीस गंज चढू न देणे हे सारे सांभाळायचे असते. गावी राहून बाग राखणाऱ्या भावाला हीच बंदूक अजून कामाची वाटते. म्हणजे दुरावा वयाचा तितकाच वस्तीचाही आहे.

ह्यात ज्ञानाचा ऱ्हास अधिक गंभीर आहे. लोखंड व पोलाद ह्यांच्या पट्ट्या पिळून घडविलेली दमास्कस नळी काळ्या दारूसाठी होती. अर्वाचीन धूरविरहित दारूचा दाब तिला धोक्याचा ठरू शकतो. अनेक जुन्या विलायती बंदुकांचा कोठा अडीच इंची असून त्यांत पावणेतीन इंची काडतूस घालणे अनिष्ट. नळीखालील चाचणीच्या खुणा वाचता आल्या तर हे कळते. पण त्या वाचणारे हात थोडे उरले आहेत. परवान्यावर बोअर व क्रमांक नोंदलेला असतो. बंदूक कोणी, केव्हा व कोणत्या पेढीकडून आणली, ही माहिती बहुधा घरातील वृद्धांच्या आठवणीतच असते आणि वारस बंदूक विकतो तेव्हा ती तिच्याबरोबर जात नाही.