चित्रपटाचे प्रमाणपत्र आणि पालकांची जबाबदारी

चित्रपटगृहातील दिवे मालवले म्हणजे पडद्यावर प्रथम एक प्रमाणपत्र झळकते. पुष्कळसे प्रेक्षक त्या वेळी आपली आसने शोधीत असतात. वस्तुतः मुलांना घेऊन जाणाऱ्याने त्यावरील अक्षरे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावयास हवीत.

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रारंभी दोनच वर्ग होते. 'यू' हा सर्वांसाठी, तर 'ए' केवळ १८ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षणाची ही पद्धती वैध ठरविली. चित्रपट अन्य कलांहून भावना अधिक खोलवर चाळवितो व मुलांवर त्याचा परिणाम विशेष होतो, हे त्यामागील एक कारण होय.

१९८३ मध्ये आणखी दोन वर्ग आले. 'एस' हा डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांसाठी, आणि 'यूए' म्हणजे १२ वर्षांखालील मुलांनी वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाने पाहावयाचा चित्रपट. परंतु सहा वर्षांचे बालक आणि अकरा वर्षांचा मुलगा यांची समज एक नसते. म्हणूनच २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन भाग पाडले. 'ए' चित्रपटाच्या दारातून अल्पवयीनास परत पाठविणे हे चित्रपटगृहाचे कर्तव्य आहे. 'यूए'चे वय मात्र केवळ पालकांच्या विचारासाठी आहे. तेथे मुलाला द्वारपाल अडविणार नाही.

जाहिरातीची गोष्ट याहून नाजूक आहे. 'यूए' किंवा 'ए' प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाच्या वृत्तपत्रांतील जाहिराती, फलक, भित्तिपत्रके यांवर तो वर्ग दर्शविणे नियमाने आवश्यक आहे. चित्रपटगृहात दाखविण्याच्या झलकेलाही स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. स्त्रियांचे असभ्य चित्रण करणाऱ्या जाहिरातींना १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. तथापि चौकातील फलक कोणाचे वय विचारीत नाही. जो चित्रपट मुलाने पाहू नये असे कायदा म्हणतो, त्याचे भडक चित्र शाळेच्या वाटेवर त्याला रोज विनामूल्य दिसते.

मुलाने त्याविषयी विचारले, तर त्याला दटावून गप्प बसवू नये. फलकावरील 'ए' दाखवून त्याचा अर्थ सांगावा. मुलाच्या मनात उठलेल्या प्रश्नाला कोणत्याही मंडळाचे प्रमाणपत्र उत्तर देऊ शकत नाही. ते घरातच द्यावे लागते.