भूल उतरली, पण घरी कधी जायचे?

कळमेश्वरहून नागपूर वीसेक किलोमीटर. गाठ काढणे, एंडोस्कोपी, मुलाची खतना अशा लहान कामांसाठी आपल्याकडची माणसे सकाळी मेडिकल किंवा मेयोला जातात आणि पुष्कळदा त्याच दिवशी परततात. कधी ऑपरेशनआधी डॉक्टर एक जादा कागद पुढे करतात. गुंगीच्या दोन औषधांची तुलना चालू आहे, तुम्ही त्यात याल का? घरातल्या बुजुर्गांचा पहिला सवाल ठरलेला: "हम पर तजुरबा करेंगे क्या?"

सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

भूलशास्त्रात एमडी करणाऱ्या डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी बहुधा बाजारात आधीपासून असलेलीच औषधे घेतात, जसे मिडाझोलाम आणि डेक्समेडेटोमिडीन. कोणाला कोणते द्यायचे ते चिठ्ठी टाकावी तसे ठरते, म्हणजे डॉक्टरची आवडनिवड मध्ये येत नाही. मग गुंगी किती आली, श्वास आणि नाडी कशी राहिली, रुग्ण किती वेळात सावध झाला, हे लिहून ठेवतात. डेक्समेडेटोमिडीनने श्वास सहसा फारसा मंदावत नाही, पण नाडी मंद होऊ शकते. मिडाझोलामने श्वास मंदावण्याची भीती असते.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेत मिडाझोलामला 1985 साली मान्यता मिळाली. एंडोस्कोपीसारख्या कामांत, जिथे भूलतज्ज्ञ हजर नसे, ते वृद्धांनाही दिले जाऊ लागले आणि श्वास थांबून काही माणसे दगावली. औषध बंद झाले नाही. मात्रा कमी केली गेली, थोडे देऊन थांबा, परिणाम पाहा, मगच पुढचे द्या, अशी सूचना आली. दुधासारखे पांढरे प्रोपोफोलही असेच सुधारत आले. पहिले मिश्रण काहींना सोसेना, तेव्हा सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिन वापरून नवे बनवले आणि 1986 मध्ये ते बाजारात आले. ते शोधणारे जॉन ग्लेन जनावरांचे डॉक्टर होते!

वॉर्डात राहणाऱ्या रुग्णावर रात्रभर नजर असते. त्याच दिवशी घरी जाणाऱ्यावर ती नसते, म्हणून त्याच्या बाबतीत 'झोप लागली का' एवढे पाहून भागत नाही. भूल उतरल्यावर हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि रक्तातील ऑक्सिजन या पाच गोष्टींना प्रत्येकी 2 गुण देतात. 10 पैकी 9 मिळाले की रुग्णाला देखरेखीच्या खोलीतून हलवतात. आम्ही शिक्षक, गुणांची भाषा आम्हाला लगेच कळते. पण इथे ग्रेस मार्क नाहीत. आणि 9 गुण मिळाले म्हणजे मोटारसायकल चालवायची परवानगी मिळाली, असेही नाही. 24 तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, सोबत घरचे मोठे माणूस हवेच.

आता त्या कागदाविषयी. 2019 च्या नियमांनुसार औषध-चाचणीची माहिती रुग्णाला समजेल त्या भाषेत द्यावी लागते. अम्मीला मराठी वाचता येत नसेल तर उर्दू किंवा हिंदीत मागा. लिहिता-वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार लागतो, नुसता अंगठा चालत नाही. मुलासाठी आई-वडिलांची संमती हवी आणि सात वर्षांपुढच्या मुलालाही विचारायचे असते. नकार दिला म्हणून उपचार अडत नाहीत, मधूनही बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. घरातल्या बायकांच्या वतीने परस्पर 'हो' म्हणणाऱ्या भाईजानांनी हा भाग दोनदा वाचावा.

उपाशी राहण्याची वेळ डॉक्टरच सांगतील. साधारणपणे हलक्या जेवणानंतर 6 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास. रमजानमध्ये रोजा असेल, त्यातून मधुमेह असेल, तर ते आधीच सांगा.

कागदाची एक प्रत मागून घ्या. त्यावर फोन नंबर असतो. रात्री माणूस हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर नंबर फिरवत बसू नका, आधी 108 ला फोन करा.