सुगीत औषध तुटू देऊ नका

ऑक्टोबर सरत आला की खानापूर-बेळगाव भागातील भाताची शेते पिवळी होतात. कापणी, मळणी, गवताचे भारे यांत घरातल्या कोणालाही उसंत नसते. अशा वेळी रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या संपतात आणि ‘सुगी आटोपली की आणू’ असे म्हणत पंधरा-वीस दिवस निघून जातात.

काही दुखत नाही, म्हणून काही बिघडले नाही असे आपल्याला वाटते. पण वाढलेला रक्तदाब बहुधा मुकाच असतो. गोळीने तो आटोक्यात राहतो, मुळातून जात नाही. गोळी थांबली की बांध फोडल्यासारखे होते. पुढे अर्धांगवायू, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार उद्‌भवू शकतो. फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद केली तर झटके पुन्हा येऊ शकतात. विहिरीच्या काठावर किंवा मळणीयंत्राजवळ झटका आला तर जीवावरच बेतते. म्हणून रोजचे औषध तुटू न देणे हेही शेतीच्या कामाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पहिली गोष्ट चिठ्ठीची. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची औषधे एका चिठ्ठीवर एकदाच द्यायची असतात. डॉक्टरांनी ‘इतक्या वेळा द्यावे’ किंवा ‘इतक्या दिवसांनी द्यावे’ असे लिहिले असेल, तर त्याप्रमाणे पुन्हा देता येतात. दुकानदाराने प्रत्येक वेळी चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख नोंदवायची असते. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर संकोच न करता विचारावे, “डॉक्टर, ही गोळी किती महिने चालू ठेवायची? पुन्हा तपासणीला केव्हा येऊ?” उत्तर चिठ्ठीवरच लिहून घ्यावे. चिठ्ठीवर रोग्याचे नाव, औषध, प्रमाण, तारीख आणि डॉक्टरांची सही आहे ना, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. रोज एक गोळी असेल तर महिन्याला ३० आणि सकाळ-संध्याकाळ असेल तर ६० गोळ्या लागतात. दहाची एकच पट्टी आणली तर दर दहा किंवा पाच दिवसांनी बाजार गाठावा लागेल. घरात सात दिवसांचे औषध उरले की नवीन आणायचे, असा नेम ठेवावा. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला तरी मग अडचण पडत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाची औषधे मोफत मिळण्याची सोय आहे; तेथे चौकशी करावी. एखादे दिवशी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

तिसरी गोष्ट नावाची. एकाच औषधाला कंपनीगणिक वेगळे नाव असते. नवी पट्टी निराळी दिसली तर दुकानदाराला विचारावे, “आतले औषध तेच ना?” तसे न केल्यास जुनी व नवी, दोन्ही गोळ्या घेतल्या जातात आणि औषध दुप्पट पोटात जाते. पट्टीवरची मुदतही वाचावी. आजी-आजोबांना वाचता येत नसेल तर नातवंडांनी हे काम करावे.

चौथी गोष्ट जागेची. आपण फवारणीच्या विषालाही ‘औषध’च म्हणतो. ते आणि खायचे औषध एका फळीवर कधीही ठेवू नये. गोळ्यांना चुलीची धग व ओल लागू देऊ नये, आणि त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे.

मात्र एकच चिठ्ठी वर्षानुवर्षे चालवू नये. वय, वजन व रोग बदलतो, तसे प्रमाणही बदलावे लागते. ठरल्या वेळी रक्तदाब मोजून घ्यावा, रक्त तपासून घ्यावे. बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये, आपली त्याला देऊ नये.

संत लूक हे स्वतः वैद्य होते. त्यांचा सण १८ ऑक्टोबरला, म्हणजे सुगीच्या तोंडावरच येतो. त्या दिवशी मिस्साहून परतल्यावर प्रत्येक घरात गोळ्यांचा डबा उघडावा आणि गोळ्या मोजाव्यात. सुगीभर पुरणार नसतील, तर विळ्याला धार लावण्याआधी दवाखान्याची वाट धरावी.