माळ लांबली, म्हणून कावीळ उतरली?

वस्तीत कुणाचे डोळे पिवळे झाले की दवाखान्याआधी माळ देणाऱ्याचा पत्ता सांगितला जातो. "आमच्या पोराची कावीळ माळेनेच उतरली," असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. पोरगा बरा झाला, हे खरेच. पण तो माळेमुळे बरा झाला का, हे आपण तपासून पाहू.

माळ ओल्या काड्यांची असते. काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते. खिळ्याला टांगली तरी लांबेल. खिळ्याला काही कावीळ नसते! हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, ते आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आल्यामुळे. निरोगी माणसाचे हात धुतले तरी तसेच होईल.

मग पोरगा बरा कसा झाला? दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते. एकानंतर दुसरे घडले, म्हणजे पहिल्यामुळे दुसरे घडले असे नव्हे. म्हणून दोन प्रश्न विचारावेत. माळ न घालता किती जण बरे झाले? आणि माळ घालूनही किती जण दगावले? दगावलेला माणूस सांगायला येत नाही, म्हणून माळेचे नाव होते.

यात जिवाचा प्रश्न आहे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, 'ई' कावीळ जिवावर बेतू शकते. 'बी' कावीळ, लेप्टो, पित्तनळीतला खडा यांतही डोळे पिवळे होतात आणि त्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. रुग्ण गरोदर असेल, गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, रक्तस्राव होत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. मनाने गोळ्या किंवा जडीबुटी देऊ नका.

१९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. कारण नळात होते; गळ्यात माळ घालून ते कसे जाणार?

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण जाणतो. एकाच गल्लीत दोन-तीन जणांना कावीळ झाली, तर गटारातून गेलेली पाण्याची नळी पाहा, सर्वांनी मिळून पालिकेत लेखी तक्रार द्या आणि तोवर पाणी उकळूनच प्या.